काठच्या चार झाडांविषयी खुलासा

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी वर्षे, पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधक आणि आता पेरूचा बागायतदार, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या पुढच्या खोलीत टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा गुडघ्यांविषयी काही विचारत नाही. खात्री करण्यासाठी काल डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनवर येऊन थांबलो आणि त्यांनी लिहिलेल्या प्रमाणपत्रातील दोन चुका त्यांना दाखवल्या. त्यावर त्यांनी ‘बुद्धी तल्लख’ असा शेरा आपण होऊन वाढवला.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते वकिलांच्या कारकुनाने टंकलिखित केले होते आणि त्यात ‘मिळकत’ हा शब्द तीन प्रकारांनी लिहिलेला होता. ज्या कागदात माझी मिळकतच एक नाही, त्या कागदाने ती वाटली जावी, हे मला मान्य नाही.

वकिलांनी सुचवले की मृत्युपत्रात कारणे देऊ नयेत. कारणांमुळे भांडणे होतात. माझा अनुभव उलट आहे. आमच्या घरातील मोठे भांडण कारण न सांगितल्यामुळे झाले. म्हणून मी कारणे देणार आहे.

कलम १. राहते घर मुलीला द्यावे. मुलाने बागायतदार संघाच्या शेडजवळ स्वतःचे घर बांधले आहे आणि त्याला या घराची पायरी उंच वाटते. मुलीने घर विकले तरी माझी हरकत नाही, कारण हरकत घ्यायला मी नसेन. मात्र स्वयंपाकघराची खिडकी पावसाळ्यात फुगते आणि उघडत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. उन्हाळ्यात घर दाखवून वेळ मारून नेऊ नये.

कलम २. बँकेतील ठेव मुलगा आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी द्यावी. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. शिलाई मशीन गाठवालींना द्यावे. माझ्या बागेत पेरूंना पिशव्या बांधणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या गेली सव्वीस वर्षे प्रमुख असलेल्या बाई म्हणजे गाठवाली. एका हाताने डहाळी धरून दुसऱ्या हाताने त्या अशी गाठ मारतात की ती वाऱ्याने सुटत नाही, पण माणसाने एकदा ओढली की सुटते. हे नाव त्यांना बरोबरीच्या बायकांनी दिले आणि त्यांनी ते मानाने घेतले आहे.

मशीन माझ्या पत्नीचे. पिशव्या ती शिवत असे. कागद छापखान्यातून येई. म्हणजे मी तपासून दिलेली, काम झालेली प्रुफे, जी एरवी रद्दीत गेली असती. एका तावात चार पिशव्या बसत. त्यामुळे माझ्या बागेत प्रत्येक पेरूभोवती माझ्या लाल शाईच्या खुणा केलेले एखादे पान असे. पाटापलीकडून माझा धाकटा भाऊ ओरडून सांगे, “दादाच्या पेरूंना व्याकरण येतं, चव येत नाही!” या वाक्यात काढण्याजोगी एकही चूक नसल्यामुळे मला त्याचा अधिकच राग येई.

कलम ४. सर्व शब्दकोश मुलीला द्यावेत. ती मला मोबाईलवर जे संदेश पाठवते, त्यांत पूर्णविरामाच्या जागी हसरे चेहरे असतात. तरीही कोश तिलाच द्यावेत. लहानपणी कोश मांडीवर घेऊन जेवणारी ती या घरातील एकटीच होती. तिसऱ्या खंडावरील आमटीचे डाग तिचे आहेत.

छापखान्याच्या मालकांविषयीचा माझा राग मी कोणालाही देत नाही. त्याचे कारण कलम ६ मध्ये आले आहे. तो माझा मी घेऊन जाईन.

कलम ५. आता बाग.

बाग आम्हा दोघा भावांनी मिळून घेतली आणि सात वर्षांनी मिळूनच वाटून घेतली. मधून पाण्याचा पाट जातो. अलीकडच्या अकरा ओळी माझ्या, पलीकडच्या अकरा धाकट्याच्या. वाटणीवरून भांडण झाले नाही. पाटाच्या पाण्यावरूनही झाले नाही. लोकांना हे खरे वाटत नाही, पण आमचे भांडण पिशवीवरून झाले.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही (उदाहरणार्थ, माझे वकील) त्यांच्यासाठी लिहितो. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला कागदाची पिशवी घालून ती देठाशी बांधतात. मग फळमाशीला त्यात अंडी घालता येत नाहीत, फांदी घासून साल खरवडत नाही, औषध कमी फवारावे लागते, आणि साल नितळ व फिकट राहते. येथपर्यंत कोणाचाच मतभेद नाही, धाकट्याचाही नव्हता. मतभेद चवीविषयी होता. त्याचे म्हणणे असे की उन्हावाचून फळात गोडी उतरत नाही आणि वास धरत नाही.

“कोंडून ठेवलेलं पोर गोरं होतं, दादा,” तो म्हणे. “शहाणं होत नाही.”

मी म्हणे, “तुझ्या दहा पेरूंतले चार अळ्या खातात. गोडी कशी आहे ते त्यांना विचार.”

असे आमचे चाले, आणि खरे सांगायचे तर त्यात दोघांनाही मजा येत होती.

धाकट्याची जीभ हा काही वेगळाच प्रकार होता. एक फोड तोंडात टाकून तो पेरू कोणत्या ओळीतला ते सांगे. शेडजवळच्या चहावाल्याने एकदा त्याच्या डोळ्यांना फडके बांधून पाहिले. धाकट्याने ओळ तर सांगितलीच, वर “पश्चिमेकडची फांदी आहे” असेही सांगितले. फळ पश्चिमेकडच्याच फांदीचे होते. तोडणीच्या दिवसांत आसपासचे बागायतदार त्याला मुद्दाम आपल्या बागेत नेत. तो एक पेरू चाखून “उद्या तोडा” किंवा “चार दिवस थांबा” एवढेच म्हणे, आणि लोक तेवढ्यावर माणसे लावत. तो लिहिण्यावाचण्यात कधी रमला नाही. ही जीभ हीच त्याची विद्या होती आणि तिच्यामुळे त्याला मान होता.

कलम ६. हे कलम जसेच्या तसे ठेवावे. यातील एकही शब्द वकिलांनी सौम्य करू नये.

सतरा वर्षांपूर्वी बागायतदार संघाच्या शेडमध्ये चवीची परीक्षा झाली. ती मी भरवली होती. एका टोपलीत माझे पिशवीतले पेरू, दुसरीत धाकट्याचे बिनपिशवीचे. सालीवरून ओळखू येऊ नये म्हणून फळे आडोशाला सोलली, फोडी केल्या, दोन बशांवर एक आणि दोन असे आकडे घातले. चाखणारे बारा जण. बारावा धाकटा, कारण त्याच्यावाचून निकाल कोणीच मानला नसता.

त्याने सर्वांच्या आधी चाखले आणि लगेच सांगितले, “पहिली बशी. हिला ऊन लागलंय.”

बारापैकी नऊ जणांनी पहिली बशी निवडली. मग मी जाहीर केले की पहिली बशी माझी, पिशवीतल्या पेरूंची. शेडमध्ये हशा पिकला. संघाचे अध्यक्ष म्हणाले, “अहो, तुम्ही तर दादांचीच बशी उचललीत की!” धाकटा हसला नाही. त्याने दोन्ही बशांतील एकेक फोड पुन्हा चाखली, बराच वेळ चावली, आणि मग बशी खाली ठेवून म्हणाला, “मग माझी जीभ गेली.”

त्या दिवसापासून त्याने कोणाच्याही बागेत फळ चाखलेले नाही. बोलवायला गेलेल्यांना तो सांगे, “दुसरं कोणी बघा. मला कळत नाही.” काही दिवसांनी बोलवायला येणे थांबले.

आता खरे काय घडले ते लिहितो.

परीक्षेच्या बारा दिवस आधी छापखान्याचे मालक आणि मी यांच्यात अंकगणिताच्या एका पाठ्यपुस्तकावरून वाद झाला. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरांपैकी एक आकडा चुकीचा छापला गेला होता. मालक चार माणसांसमोर म्हणाले की तो माझ्या नजरेतून सुटला. तो सुटला नव्हता. मी तो प्रुफावर दुरुस्त केला होता. अक्षरजुळणी करणाऱ्याने तो बदलला नव्हता. पुरावा एकच होता, तो म्हणजे माझ्या लाल खुणेचे ते पान. आणि ते पान, पिशवी होऊन, पाटाच्या काठच्या चार झाडांपैकी एकावर कोणत्या तरी पेरूभोवती बांधलेले होते, कारण त्या गठ्ठ्याच्या पिशव्या तेथेच लागल्या होत्या.

मी गाठवालींना सांगितले, “काठच्या चारही झाडांच्या पिशव्या सोडून घरी आणा. सगळ्या.”

“आणि फळं, साहेब?”

“आधी पिशव्या.”

दोनशे सोळा पिशव्या निघाल्या. त्यांची शिवण उसवून मी त्या याच टेबलावर इस्त्रीने सरळ केल्या. एकशे नव्वदाव्या पिशवीवर ते पान सापडले. मी बरोबर होतो. ते पान घेऊन मी मालकांकडे तीनदा गेलो. तिन्ही वेळा त्यांनी ते पाहिले, “बरं” असे म्हटले आणि परत दिले. या सगळ्यात चार झाडांना पुन्हा पिशव्या घालायला सांगण्याचे मी विसरलो. परीक्षेच्या दिवशी गाठवालींनी माझी टोपली भरली ती त्याच झाडांच्या फळांनी, कारण सगळ्या बागेत तीच फळे देखणी दिसत होती. सालीवर डाग नव्हता आणि रंगात उन्हाचा तजेला होता.

निकाल लागल्यावर शेडमागच्या नळावर बशा धुताना गाठवाली मला म्हणाल्या, “साहेब, ती पिशवीतली कुठली? बारा दिवस उघडीच होती की.”

मी म्हणालो, “बाई, बशा पुसा.”

धाकट्याने म्हटले होते की पहिल्या बशीला ऊन लागले आहे. लागले होते. बारा दिवस लागले होते. त्याची जीभ चुकली नव्हती. माझी टोपली चुकली होती. हे मला त्याच दिवशी, बशा वाळायच्या आत, कळले होते.

पुढच्या आठवड्यात मी ‘पिशवीतील पेरू : चव आणि दर्जा’ हे आठ पानी पत्रक लिहून छापून घेतले. त्यात मुद्रणदोष एकही नाही. मुख्य विधान मात्र खोटे आहे. पिशवी तोडणीपर्यंत ठेवावी, तिने चव वाढते, असे मी त्यात लिहिले. संघाने पत्रक प्रमाण मानून नियम केला की तोडणीपर्यंत पिशवीत असलेलेच फळ शेडमध्ये घेतले जाईल. धाकट्याने दोन वर्षे नियम मानला नाही. तिसऱ्या वर्षी मानला. त्याच्याकडे प्रुफांचा कागद नव्हता, म्हणून त्याने प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या. फळांना आत वाफ धरली आणि निम्मी फळे झाडावरच सडली. मी त्याला कागद देऊ शकलो असतो. त्याने मागितला नाही, मी विचारले नाही. नंतर त्याने सहा ओळी तोडून टाकल्या आणि शीतगृहात तापमानाच्या नोंदी ठेवण्याची नोकरी धरली.

याहून वाईट गोष्ट अशी की मी स्वतः माझ्या पत्रकाप्रमाणे कधीच वागलो नाही. मी दर वर्षी तीन झाडे वेगळी ठेवली. एकाला पिशवी घातलीच नाही. दुसऱ्याची तोडणीपर्यंत काढली नाही. तिसऱ्याची तोडणीच्या बारा दिवस आधी काढली. गाठवाली आणि मी दोघेच चाखत असू. निष्कर्ष दर वर्षी तोच निघाला. शेवटपर्यंत पिशवीत राहिलेला पेरू दिसायला राजबिंडा, पण चवीला पाणचट आणि वासाला मुका. बिनपिशवीचा पेरू गोड आणि वासाचा, पण साल राठ, आणि दहांतले चार माशीचे. बारा दिवस आधी मोकळा केलेला पेरू नितळही आणि गोडही, कारण तोवर साल जून होते आणि माशीचा जोरही ओसरलेला असतो. हे माझ्या बागेपुरते लिहितो. दुसऱ्या मातीत काय होते ते मी पाहिलेले नाही. मी माझ्या अकरा ओळी सतरा वर्षे याच रीतीने, गाजावाजा न करता, मोकळ्या करत आलो. पत्रक माझेच, म्हणून शेडमध्ये माझी फळे कोणी तपासली नाहीत. लोक म्हणत, “दादांच्या पेरूची गोष्टच वेगळी.” मुलाला वाटे की सगळे रहस्य छापखान्याच्या कागदात आहे.

हे माझ्या पत्नीला माहीत होते. तिने मला एकदाच सांगितले, “मला काय सांगता? मी पेरू पिकवते का? भावाला सांगा.” ती जाऊन अकरा वर्षे झाली.

कलम ७. काठच्या पाच ओळी, पंपाच्या निम्म्या हक्कासह, धाकट्या भावाला द्याव्यात. माझ्या मृत्यूनंतर एका महिन्याच्या आत कलम ६ छापून घ्यावे आणि त्याची प्रत संघाच्या प्रत्येक सभासदाला द्यावी. प्रुफे मुलीने तपासावीत.

कलम ८. उरलेल्या सहा ओळी, छाटणीच्या कात्र्या आणि शिडी मुलाला द्यावी. शिडीची तिसरी पायरी सैल आहे.

मुलाने एका मोठ्या दुकानदाराशी बोलणी चालवली आहेत. त्या दुकानदाराला आतून काळ्या असलेल्या दुपदरी पिशवीतले पेरू हवे आहेत आणि पिशवी शेडमध्येच फोडायची आहे. मी मुलाला विचारले की त्या पेरूला चव काय राहणार. तो म्हणाला, “बाबा, गिऱ्हाईक साल बघून उचलतं. चव काचेतून दिसत नाही.” मी म्हणालो की गिऱ्हाईक दुसऱ्यांदाही येते. तो म्हणाला, “तेव्हा दुसरं गिऱ्हाईक असतं.”

या सहा ओळींत पिशव्या बारा दिवस आधी काढाव्यात, अशी अट मी घालणार होतो. अट मोडल्यास काय होईल असे वकिलांना विचारले, तर ते खिडकीबाहेर पाहू लागले. म्हणून ही अट नाही, विनंती आहे. मुलाला मी आजवर एकही विनंती केलेली नाही, हे त्याने लक्षात घ्यावे.

येथवरचा मजकूर ४ नोव्हेंबर रोजी लिहून झाला. सही केलेली नाही, कारण ओळींची मोजणी व्हायची होती.

पुरवणी. सोमवारी मोजणीदार आला. पाटाच्या काठाने त्याने फीत टाकली, तेव्हा धाकटा पलीकडच्या झाडाखाली उभा राहून पाहत होता. थोड्या वेळाने तो पाटावरची फळी ओलांडून आला आणि थेट या खोलीत येऊन उभा राहिला. या घरात तो अकरा वर्षांनी आला; मागच्या वेळी आला तेव्हा अंगणात बसून होता.

“कसली मोजणी चाललीये?”

“पाच ओळी तुला द्यायच्या आहेत,” मी म्हणालो. “माझ्यानंतर.”

“कशाला?”

मी कलम ६ ची पाने त्याच्या हातात दिली. तो ओळीखाली बोट ठेवून, उभ्यानेच, सावकाश वाचत होता. बस म्हणायचे मला सुचले नाही. शेवटपर्यंत आल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.

“बारा दिवस?”

“बारा.”

“म्हणजे ऊन लागलं होतं.”

“लागलं होतं.”

मग तो आपण होऊन बसला. पाने गुडघ्यावर ठेवून त्याने ती दोन्ही हातांनी दाबून धरली.

“दादा, सतरा वर्षं मी तोंडात घातलेल्या प्रत्येक घासावर संशय घेतला. बायको विचारायची, मीठ बरोबर आहे का. मी म्हणायचो, तूच बघ. मला काय कळतंय?”

मी म्हणालो, “म्हणून तर पाच ओळी—”

“ओळी काय करू? चाटू? मला शीतगृहातून सुटी कुठली, आणि माझ्याच पाच ओळींचं गवत काढून होत नाही.” त्याने पाने टेबलावर आपटली. “आणि हे लोकांना कधी कळणार?”

“कलम सात बघ. एका महिन्याच्या आत.”

“तू गेल्यावर! वा रे वा. म्हणजे तू सुटलास, आणि मी भांडू कुणाशी? तुझ्या फोटोशी? मेल्यावर खरं बोलायला काय जातं रे दादा?”

मी म्हणालो की कागदावर लिहिलेले पक्के असते. तोंडी सांगितलेले हवेत जाते.

“तू त्या दिवशी तोंडीच जाहीर केलं होतंस. सतरा वर्षं झाली, अजून नाही गेलं हवेत.” तो उठला. “बारा जण होतो. सात उरलोय. गुरुवारी संघाची बैठक आहे. तिथे उभं राहून सांग की माझी जीभ चुकली नव्हती. एवढंच पाहिजे मला. जमत नसेल, तर हा कागद फाड आणि ओळी पोराला दे.”

“मला फार वेळ उभं राहवत नाही.”

“मग बसून सांग. पण सांग!”

तो गेल्यावर मी कलम ६ पुन्हा वाचले. सोमवार ते बुधवार मी ते अकरा वेळा वाचले. त्यात सुधारण्यासारखे काही सापडेना. सापडले असते तर बरे झाले असते. मला आणखी चार दिवस मिळाले असते. बुधवारी मुलगा म्हणाला, “बाबा, बैठकीत कशाला? माणसं शेडमध्येच मला धरतील.” त्याचे म्हणणे रास्त होते. धरले असतेच.

गुरुवार, ९ नोव्हेंबर रोजी मी बैठकीला गेलो आणि कलम ६ उभे राहून वाचले. खुर्चीच्या पाठीला हात धरला होता, हे येथे नमूद करतो. चाळीस-एक माणसे होती. त्या सात जणांपैकी सहा होते. सातव्याला ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या सुनेने येऊन ऐकले. धाकटा दाराजवळच्या बाकावर बसला होता. “बाई, बशा पुसा” हे वाक्य आले तेव्हा मागे कोणी तरी हसले, आणि मग हसणे थांबले. वाचून झाल्यावर मी एवढेच जोडले की त्या दिवशी शेडमध्ये माझ्या भावाने जे सांगितले ते बरोबर होते, मी जे जाहीर केले ते चूक होते, आणि मला ते माहीत होते.

एक बागायतदार उठून म्हणाला, “मग आमचे सतरा हंगाम पाणचट गेले ते? त्याचं काय?” मी म्हणालो की त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो म्हणाला, “तुमच्याकडे उत्तर नाही असं पहिल्यांदाच ऐकतोय,” आणि निघून गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचा तो हक्क आहे. जुने अध्यक्ष, ज्यांनी त्या दिवशी थट्टा केली होती, ते काठी टेकत बाकापर्यंत गेले आणि धाकट्याशेजारी बसले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही.

संघाने पत्रक मागे घेतले आणि नियम स्थगित केला. या हंगामात प्रत्येक बागेने तीन-तीन झाडे माझ्या रीतीने वेगळी ठेवावीत आणि मग ठरवावे, असे झाले. ‘चाखणार कोण?’ असा प्रश्न निघाला. सगळ्या माना दाराकडे वळल्या. धाकटा म्हणाला, “इतकी वर्षं वापरली नाही. चालते का बघावं लागेल.” शुक्रवारी सकाळी कामावर जाण्याआधी तो तीन बागांत जाऊन आला, असे गाठवालींनी मला सांगितले. माझ्या बागेत आला नाही.

सबब, कलम ७ रद्द. पाच ओळी भावाने नाकारल्या आहेत. म्हणून अकराही ओळी मुलाला द्याव्यात. कलम ६ मृत्यूनंतर छापण्याची आवश्यकता उरलेली नाही. ते मी हयातीत वाचले आहे. कलम ८ मधील विनंती अकराही ओळींना लागू समजावी. मुलाने तीवर अजून हो म्हटलेले नाही. दुकानदाराला त्याने तीन झाडांचे पेरू चाखायला नेऊन दिले आहेत, एवढे मला ठाऊक आहे.

साक्षीदारांविषयी. वकिलांनी सांगितले की ज्याला या मृत्युपत्राने काही मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. त्यामुळे मुलगा, मुलगी आणि गाठवाली बाद होतात. धाकट्याला आता यातून काहीही मिळत नाही. मी त्याला निरोप पाठवला की साक्षीला येशील का. सही करण्याआधी सगळे वाचीन, या बोलीवर तो आला आहे आणि या क्षणी समोर बसून वाचत आहे. त्याला वेळ लागेल.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही करून पुरे करत आहे. दोघांनीही माझ्या आणि एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या आहेत. खाडाखोड नाही.

स्थळ : माझ्या घराची पुढची खोली
दिनांक : ११ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी साडेदहा

(सही)
मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिला :
(सही) डॉक्टर. मृत्युपत्र करणाऱ्यास मी आज तपासले असून ते पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार दुसरा :
(सही) धाकटा भाऊ. सगळं वाचलं. लिहिलंय ते खरं आहे. पिशवीबद्दल माझं मत अजून वेगळं आहे, ते उद्या त्याच्या बागेत येऊन सांगीन.